कुंडमच्या अलीकडे काळोख

जबलपूरच्या अधारतालमध्ये एके काळी अशी कुजबुज होती की निमज्यांच्या जयाने बनवलेला मोटारींच्या शर्यतीचा खेळ सरकारने बंद पाडला. काहून, तर त्या खेळात कुंडमचा रस्ता जसाच्या तसा घेतला होता, आणि त्या रस्त्यावर, कुंडमच्या थोडं अलीकडे, जंगलात असं काहीतरी आहे जे कोणाला दाखवायची परवानगी नाही. कोणी म्हणे तोफा पुरून ठेवल्या आहेत, कोणी म्हणे जमिनीच्या पोटात विमानं उतरतात. दिल्लीहून एक पांढरी गाडी आली, तीतून टाय बांधलेला माणूस उतरला, निमज्यांच्या घरी बसून त्याने पोहे खाल्ले आणि जाताना खेळाचं यंत्र रुमालात गुंडाळून घेऊन गेला, असं छातीठोकपणे सांगणारे लोक होते. त्यातला पोह्यांचा तपशील अगदी खरा होता. शेजारच्या बायकांनी फोडणीचा वास घेतला होता. आणि पोहे खरे निघाले म्हटल्यावर तोफाही खऱ्याच असणार, असा लोकांनी हिशेब केला.

ही अफवा अधारतालच्या मातीत एवढी चांगली का रुजली, हे समजायला आधी दिवाकरराव निमजे समजायला हवेत. ते काम तसं सोपं, कारण या माणसाकडे बोलायला एकच वाक्य होतं: "सांगता येत नाही."

दिवाकररावांचे वडील बाबाराव भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आले. पुढे राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, भंडारा-नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि बाबाराव होते तिथेच, मध्य प्रदेशात, राहिले. घर हललं नाही, राज्य हललं. तेव्हापासून निमज्यांकडे उंबऱ्याच्या आत मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि फाटकात उभ्या भाजीवाल्याशी जे काही बोललं जाई त्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही.

दिवाकरराव ट्रकच्या फॅक्टरीत टेस्ट ड्रायव्हर होते. लष्करासाठी बनलेला नवा ट्रक चढावर न्यायचा, उतारावर आणायचा, चिखलात घालायचा, बाहेर काढायचा आणि 'ठीक आहे' म्हणून किल्ली परत द्यायची, हे त्यांचं काम. हे साऱ्या शहराला ठाऊक होतं. भिंतीबाहेरच्या चहावाल्याला तर कुठला ट्रक चढावर धापा टाकतो हेसुद्धा आवाजावरून कळायचं. पण नोकरीला लागताना कोण्या साहेबाने दिवाकररावांना एकदा सांगितलं होतं की आतलं बाहेर बोलायचं नाही, आणि त्या बिचाऱ्याने ते जन्मभर मनावर घेतलं. बायकोने, म्हणजे शकुने, विचारलं की आज कॅन्टीनमध्ये काय होतं, तर उत्तर: "सांगता येत नाही." यावर शेजारचे डोमाजी मेश्राम म्हणत की यात देशाचं कसलं गुपित, कॅन्टीनमध्ये वडे होते असं सांगितलं तर घरच्या पोळ्या दोनने कमी होतील, ही भीती. डोमाजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना जन्मभर दुसऱ्यांचं ऐकायची सवय आणि दिवाकररावांना काही न सांगायची, म्हणून त्यांची दोस्ती टिकली. दोघांनाही दुसऱ्याकडून काही मिळायची आशा नव्हती.

जया ही त्यांची एकुलती एक. शकुचा भाऊ पुंडलिक कुंडमला शाळेत मास्तर होता, त्यामुळे सुट्टी लागली की निमज्यांची स्कूटर कुंडमच्या रस्त्याला. शकु मागे पिशवी घेऊन, जया पुढे उभी, हँडल धरून. रांझी मागे पडली, खमरिया मागे पडलं, की रस्ता चढउतार करायला लागतो, आणि तिथून बापलेकीचा खेळ सुरू होई. चढ आला की "वर", उतार आला की "खाली". जो आधी बोलेल तो जिंकला. दिवाकररावांना त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठ, तरी उतार दिसला की ते घसा खाकरत बसत आणि पोरीला आधी बोलू देत. ट्रक चालवताना जो माणूस अफसराच्या गाडीलाही पुढे जाऊ देत नसे, तो या रस्त्यावर प्रत्येक सुट्टीत हरला. मागून शकु म्हणायची, समोर पाहा, हारायची एवढी घाई काहून करून राहिले.

पोर मोठी झाली, इंजिनिअरिंग झालं, आणि तिच्या वर्गातली निम्मी मुलं हैदराबादला गेली. तिलाही तिथून बोलावणं होतं. मैत्रिणींनी पलंगसुद्धा राखून ठेवला होता. पण त्याच सुमारास दिल्लीच्या एका कंपनीने 'टिंकू' नावाचं खिशात मावणारं खेळाचं यंत्र काढायचं ठरवलं. साबणाच्या वडीएवढं, वर छोटा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. त्यासाठी मोटारींच्या शर्यतीचा खेळ करून देणारं कोणी त्यांना हवं होतं, आणि मोठ्या शहरातल्या मंडळींचे भाव परवडत नव्हते, म्हणून शोधत शोधत ते जयापर्यंत आले. जयाने घरी सरळ सांगितलं: हा खेळ बाजारात आला तर कंपनी पुढचे खेळही देईल, मग मी इथेच काम उभं करते. नाही आला तर हैदराबाद.

यावर दिवाकरराव मोठ्याने म्हणाले, "हैदराबादच बरं. इथं काय ठेवलं आहे." आणि बाहेर जाऊन तिच्या स्कूटीत पेट्रोल आहे की नाही ते पाहून आले. पोरीने जाऊ नये असं या माणसाला पोटातून वाटत होतं आणि ते ओठावर येत नव्हतं. तीस वर्षांची सवय. शकुला ते कळत होतं. ती एवढंच म्हणाली की बापाच्या तोंडात हैदराबाद आहे नं, मग पाय काहून स्कूटीकडे वळतात.

अधारतालच्या मेन रोडवर शिलाई मशीनच्या दुकानाच्या माडीवर जयाने खोली घेतली. जोडीला कॉलेजातला रजनीश नामदेव. मुलगा हुशार, कामाला वाघ, आणि त्याचं मराठीचं ज्ञान 'या, बसा' इथे संपायचं. जया मोटारी, झाडं, आकाश काढणार, आणि रस्ता रजनीश रचणार, अशी वाटणी झाली. रस्ता कुठला घ्यायचा यावर चर्चाच झाली नाही. जयाच्या डोक्यात जगात एकच रस्ता होता.

आता हा रस्ता यंत्रात उतरवायचा तर वळणं कुठे, चढ कुठे, हे कोणीतरी सांगायला हवं. दिवाकररावांनी आपण होऊन सांगितलं की व्हॅन काढतो. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मारुती व्हॅन घेतली होती आणि ती ते ट्रकसारखी चालवत. जया शेजारी टेप घेऊन बसली, बाप गाडी हाकता हाकता बोलत गेला, आणि ट्रकमध्ये झिजलेल्या त्या खर्जातल्या आवाजात सगळा रस्ता कॅसेटवर उतरला. "डावं. सरळ. वर. वर. उजवं. खाली. सरळ. खाली." जयाने मध्येच एकदा आधी "खाली" म्हटलं, आणि दिवाकरराव घसा खाकरत राहिले. ते खाकरणंही टेपवर आहे.

कॅसेट रजनीशकडे गेली, आणि पहिला घोटाळा आठवड्याभरात झाला. त्याने 'डावं' ऐकलं आणि 'दायाँ', म्हणजे उजवं, समजला. सगळा रस्ता आरशातल्यासारखा उलटा झाला. कुंडमला निघालेली गाडी भलत्याच बाजूला, बरगीच्या दिशेने पळायला लागली. जयाने डोक्याला हात लावला, दिवाकररावांनी रजनीशला समोर बसवून डावं कोणतं, उजवं कोणतं हे दोन्ही हातांनी शिकवलं, आणि त्याला बजावलं की जो शब्द समजणार नाही तो विचारायचा. मुलगा आज्ञाधारक. त्याने 'वर' म्हणजे काय विचारलं, 'वळण' विचारलं, 'हळू' विचारलं, 'पूल' तर माहीत असूनही खात्री म्हणून विचारला. दिवाकरराव खूश. आता चुकायला काही राहिलंच नाही, असं त्यांनी डोमाजींना फाटकात उभं राहून सांगितलं. डोमाजी म्हणाले, चला, फॅक्टरीवाल्याने काहीतरी सांगितलं, आज तारीख लिहून ठेवतो.

त्याच दिवसांतली गोष्ट. शकुने रजनीशला चिवड्याची मोठी प्लेट भरून दिली. पोराचं पोट लवकर भरलं, तो प्लेट हातात धरून अवघडून बसलेला. शकुला दया आली. ती म्हणाली, "प्लेट खाली ठेव बेटा." रजनीशने मान डोलावली आणि घाईघाईने सगळा चिवडा संपवला. शकुने आणखी वाढला, पुन्हा म्हणाली, राहू दे आता, ठेव खाली. त्याने तोही संपवला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो गेल्यावर शकु म्हणाली की नामदेवांकडे पोराला उपाशी ठेवतात का. घरभर हशा झाला आणि त्या हशात जे दिसायचं ते कोणाला दिसलं नाही.

खेळ हळूहळू उभा राहत होता, आणि त्यात दिवाकररावांची मदत वाढत होती, हीच अडचण होती. त्यांना शर्यत ही कल्पनाच पसंत नव्हती. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सुरू व्हायला नको, वळणावर हॉर्न दिला नाही तर गुण कापा, शाळेसमोर ओव्हरटेक नाही, अशा सूचना ते रोज माडीवर जाऊन देत. रजनीश हात जोडून म्हणाला, अंकल, ये रेस है. दिवाकरराव म्हणाले की रेस असो नाही तर वरात, पोहोचायचं आहे की नाही? जयाने बापाच्या समाधानासाठी हॉर्न घातला. तो जास्त वाजवला की टिंकूची बॅटरी बसायची.

मग गाईंचं प्रकरण. जबलपूरचा रस्ता म्हटल्यावर त्यावर गाई आल्या. जयाने फार छान काढल्या होत्या, रवंथ करत रस्ता ओलांडणाऱ्या. दिल्लीच्या साहेबांनी फोनवर सांगितलं की गाडी गाईला लागली तर लोक दुकान फोडतील, गाई हटवा. वेळ कमी होता, म्हणून रजनीशने गाईचं चित्र हटवून तिथे दगडाचं चित्र टाकलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. परिणामी कुंडमच्या रस्त्यावर मोठाले दगड सावकाश चालत रस्ता ओलांडू लागले आणि मधोमध थांबून जबडा हलवू लागले. डोमाजींनी ते पाहिलं आणि त्यांना हसून ठसका लागला. ते म्हणाले, निमजे, आता तरी सांगा, फॅक्टरीत हेच बनवत होते का? निमजे म्हणाले, सांगता येत नाही.

त्या वर्षी लाइटचाही खेळ चालला होता. दिवसातून कधीही जायची. माडीवर इन्व्हर्टर आला, तोही थकला. पण एवढं सगळं सोसून रस्त्याचे तुकडे तयार झाले, आणि एकेक तुकडा टिंकूवर झकास चालू लागला. जयाला फक्त एक खटकत होतं. खेळ खेळताना गाडी सारखी धापा टाकत असल्यासारखी वाटे, आरामाचा क्षणच नाही. तिला वाटलं रजनीशने बाबांच्या सांगण्यावरून रस्ता अवघड केला असेल. रजनीशला वाटलं, अंकलने टेपमध्ये जे सांगितलं तेच आहे, आपण कोण बोलणार. आणि दिवाकररावांना तर हेच आवडलं. गाडी रेटावी लागते तेव्हाच ड्रायव्हर कळतो, असं त्यांचं मत होतं. तिघांनी तिघांना मान दिला आणि चूक शाबूत राहिली.

सगळे तुकडे जोडून पहिल्यांदा अख्खा रस्ता खेळायला घेतला, आणि कुंडमच्या थोडं अलीकडे, एका मोहाच्या झाडाजवळ, पडदा काळा झाला. गाडी नाही, रस्ता नाही, आकाश नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच काळा. यंत्र खराब असेल म्हणून दिल्लीहून दुसरं मागवलं. तेही त्याच झाडापाशी गेलं. तो शेवटचा तुकडा एकटा खेळला तर व्यवस्थित चाले, रांझीपासून निघून आलं की मरे. रजनीशने सगळं तपासलं, उलटंपालटं केलं, शेवटी टिंकूच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची बांधून पाहिली. जयाचं जेवण कमी झालं. शकु मुलीकडे पाही आणि मग नवऱ्याकडे पाही. त्या पाहण्याचा अर्थ दिवाकररावांना सांगावा लागत नव्हता. हा पडदा उजळला नाही तर पोर हैदराबादला जाणार.

डोमाजींनी मात्र फाटकात उभं राहून गंमत केली. म्हणाले, तिथंच काही तरी असेल जंगलात, सरकारी. म्हणून यंत्रही डोळे मिटून घेतं. तुम्हाला तर माहीत असेल, निमजे. ते वाक्य दिवाकररावांच्या डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं.

ठरलेल्या दिवशी खेळ पाहायला दिल्लीच्या कंपनीचे भसीन साहेब आले. पांढरी टॅक्सी, टाय, आणि जबलपूरच्या उकाड्याने टायखाली भिजलेला शर्ट. जयाने त्यांना माडीवरच्या उकाड्याऐवजी घरी आणलं. शकुने पोहे केले. माणूस वाईट नव्हता; पोहे मागून घेतले, जबडा हलवणारे दगड पाहून हसला, हॉर्नवर तर खूशच झाला. टिंकू हातात घेऊन तो रांझीपासून निघाला, खमरिया ओलांडलं, वळणं घेतली. जया त्याच्या मागे उभी, रजनीश खुर्चीच्या टोकाला, दिवाकरराव दारात. मोहाचं झाड आलं आणि पडदा काळा झाला.

भसीन साहेबांनी टिंकू हलवून पाहिलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "यहाँ क्या है?"

जयाने तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती, की बिघाड आहे, सापडत नाही. दिवाकररावांना त्या क्षणी पोरीचा चेहरा दिसला, तिच्यापुढे हैदराबादची गाडी दिसली, आणि त्यांच्या तोंडून जन्मभराचं वाक्य आपोआप निघालं, फक्त हिंदीत.

"वो बताया नहीं जा सकता."

भसीन साहेबांनी मान वर केली. "मतलब?"

"तीस साल फॅक्टरी में था, साहब," दिवाकरराव हळू आवाजात म्हणाले. "बस इतना समझ लीजिए. उसके आगे दिखाना ठीक नहीं."

रजनीशने जयाकडे पाहिलं, जयाने बापाकडे. भसीन साहेबांनी टिंकू टेबलावर अलगद ठेवलं, जणू ते तापलं आहे, मग पुन्हा उचललं, रुमालात गुंडाळलं आणि बॅगेत टाकलं. पोहे अर्धे राहिले. दिवाकररावांना वाटलं, आपण बाजी मारली; चूक झाकली गेली आणि वर वजनही पडलं. त्या दिवशी त्यांनी शकुला आपण होऊन सांगितलं की पोहे चांगले झाले होते.

चार दिवसांनी कंपनीचा जयाला फोन आला: खेळ रद्द. सरकारी भानगडीत आम्हाला पडायचं नाही, जे काही केलं आहे ते पुसून टाका आणि आमचं नाव कुठे घेऊ नका. जयाने फोन ठेवला आणि थोडा वेळ अंगणात जाऊन उभी राहिली. बापाला तिने एवढंच सांगितलं की खेळ बंद झाला. का, ते सांगितलं नाही. बापाने विचारलंही नाही. दोघंही निमजेच.

ती हैदराबादला निघाली त्या दिवशी दिवाकररावांनी तिची बॅग उचलून डब्यात ठेवली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "बरं झालं. हैदराबादच बरं." गाडी हलली तरी ते चालत राहिले, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत. शकु मागे उभी राहून पाहत होती.

मग अफवेने पाय पसरले. खोलीत रजनीश होता, त्याने शिलाई मशीनवाल्याला सांगितलं. शिलाई मशीनवाल्याने ते साऱ्या अधारतालला सांगितलं. डोमाजींची गंमत आणि दिवाकररावांचं वाक्य एकमेकांना येऊन मिळालं, टॅक्सीची सरकारी गाडी झाली. लोक आता निमज्यांना वाट देऊ लागले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळू लागली. एरवी ते खांबाआड बसत. कोणी चहा पाजून खालच्या आवाजात विचारी, निमजे साहेब, तिथं नक्की आहे तरी काय? आणि निमजे साहेब बशीत फुंकर मारत म्हणत, सांगता येत नाही. पहिल्यांदा गंमत वाटली. पण घरी आलं की जयाची स्कूटी भिंतीला टेकून उभी असे. तिच्यात पेट्रोल भरलेलंच होतं.

वर्षभराने शकुच्या भावाने, पुंडलिकने, मोबाईल घेतला आणि तो बिघडवला. रजनीशने तोवर त्याच माडीवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मास्तर कुंडमहून यायला तयार नाहीत, तेव्हा दिवाकरराव रजनीशला व्हॅनमध्ये घालून कुंडमला निघाले. रस्ता तोच, हात आपोआप चालले, आणि तोंडही. चढ आला, ते पुटपुटले, "वर." मोठा चढ संपला, पुढे उतार, त्यांनी सवयीने घसा खाकरला, थांबले, कोणी बोललं नाही तेव्हा स्वतःच म्हणाले, "खाली."

रजनीशने डॅशबोर्ड धरला. "खाली कहाँ है अंकल? सामने से ट्रक आ रहा है."

दिवाकररावांनी गाडी कडेला घेतली. ट्रक धूळ उडवत निघून गेला. मग त्यांनी विचारलं, "खाली मतलब क्या समझे तुम?"

"खाली मतलब खाली. रोड पर कोई नहीं."

"और टेप में?"

"टेप में भी वही. आपने जहाँ-जहाँ खाली बोला, वहाँ से ट्रक, पत्थर सब हटा दिए. सीधा, सपाट रोड."

"खाली मतलब नीचे," दिवाकरराव म्हणाले. "उतार."

रजनीशने समोरच्या उताराकडे पाहिलं. "मतलब अंकल, पूरे रस्ते हम लोग चढ़ते ही गए? उतरे ही नहीं?" मग, वेगळ्याच आवाजात, "और आंटी की प्लेट?"

दिवाकररावांना त्याच्याकडे पाहवेना. त्यांनी गाडी सुरू केली. परतताना मोहाच्या झाडापाशी त्यांनी गाडी थांबवली, उतरले, जंगलात थोडं आत जाऊन पाहून आले, आणि पुन्हा येऊन बसले.

संध्याकाळी त्यांनी हैदराबादला फोन लावला. एरवी शकु लावायची आणि शेवटी बाबा घ्या म्हणायची. त्या दिवशी त्यांनी सगळं स्वतः सांगितलं, टेपपासून ट्रकपर्यंत, एकही शब्द न गाळता. शकु दाराशी येऊन उभी राहिली. नवरा सलग एवढं बोललेला तिने लग्नापासून ऐकला नव्हता. पलीकडे जया हसायला लागली, आणि हसत राहिली. थांबल्यावर म्हणाली, "बाबा, भसीन साहेबांनी त्या दिवशी फोनवर मला काय सांगितलं माहीत आहे? नुसता बिघाड असता तर महिनाभर दिला असता म्हणे. पण सरकारी गोष्ट आहे म्हटल्यावर नाही."

दिवाकररावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "हे तू मला तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुम्ही माझ्यासाठीच बोलले होते."

मग त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा पोटातलं ओठावर आणलं. "तू जाऊ नये म्हणून बोललो. आता येते का परत?"

"ते सांगता येत नाही, बाबा," जया म्हणाली.

ती दिवाळीला आली आणि परत गेली. तिकडे तिचं बरं चाललं आहे. अफवा अजून आहे. कुंडमच्या रस्त्याला नवा माणूस लागला की कोणीतरी त्याला मोहाच्या झाडाजवळ हळू आवाजात ती ऐकवतं. दिवाकररावांनी डोमाजींना खरं काय ते सांगितलं, पण डोमाजींनी ते मानलं नाही. म्हणाले, आता सरकारने तुम्हाला हे सांगायला लावलं आहे.

कुंडमच्या अलीकडे जंगलात मोहाची झाडं आहेत आणि एक हातपंप. दुसरं काही नाही. दिवाकरराव उताराला 'खाली' म्हणाले, रजनीशने 'रिकामा रस्ता' असं घेतलं, त्यामुळे खेळातला रस्ता नुसता चढत गेला, आणि टिंकूला मोजता येईल त्याहून उंच झाला की पडदा काळा व्हायचा. सरकारने काही बंद पाडलं नाही. दिवाकररावांनी थाप मारली, कंपनी घाबरली आणि तिने खेळ रद्द केला.